बारा वेळा ‘एक-दोन’

मंगळवार, ५ मे. दुपारी पावणेचार

बुडता बुडता वाचलो आज!

अक्षर वाकडंतिकडं येतंय. बाविसाव्या वर्षी लेथ मशिनच्या पट्ट्यात बोट गेलं, त्या संध्याकाळी डाव्या हाताने वही लिहिली होती — तेही अक्षर यापेक्षा सरळ होतं. पण लिहायलाच हवं. आजच्या आज, आणि क्रमाने. माणसं एकदा जेवायला बसली की जो तो आपापली हकिकत रचतो.

तर क्रमाने.

मी, ही, थोरली, धाकटी. तलाव. दोन कयाकी — वल्ह्याच्या अरुंद होड्या, एकेकीत दोन माणसं. पुढच्या कयाकीत मुली, मागच्या कयाकीत आम्ही. आमच्यात ही पुढे, मी मागे — कारण दिशा मागचा माणूस देतो. पुढच्याने फक्त ठेका धरायचा. निघण्याआधी तीन आठवडे हे सगळं घोटून घेतलं होतं मी. रोज संध्याकाळी वर्कशॉपातली मशिनं बंद झाली की चौघं बाकावर एकामागे एक, हातात झाडूचे दांडे, आणि मी म्हणतोय — एक-दोन, एक-दोन! नववीत शाळा सुटलेला माणूस मी. लेथ पुस्तकात बघून शिकलो. हार्मोनियम तशीच. पोहणं तसंच. कयाकचं पुस्तक कुठे मिळेना, तेव्हा मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून वहीत आकृत्या काढल्या. थोरली म्हणाली, "बाबा, आपण सुट्टीला चाललोय की लढाईला?" धाकटी दांडा खांद्यावर टाकून फरशीवर कवायत करत सुटली. हसू देत. तयारी ती तयारी.

इथे तलावाकाठच्या मुक्कामी शिकवायला पंचविशीची एक मुलगी आहे. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलींनी तिचं नाव ठेवलंय शिट्टीबाई. काठावर तिने पाऊण तास समजावलं. त्यातलं एक वाक्य — "पाण्यात पडलात तर होडीला धरायचं, माणसाला नाही. घाबरलेला माणूस समोर मिळेल त्याची शिडी करतो." मी म्हटलं, "घाबरला तर ना!" ती हसली नाही. माझ्या लाइफ-जाकिटाचे पट्टे तिने असे आवळले की बरगड्या मोजून घ्याव्यात. तिची पाठ वळल्यावर दोन्ही पट्टे दोन-दोन बोटं सैल केले. श्वासच पुरा घेता आला नाही तर माणूस वल्हवणार कसा? साधी गोष्ट.

अकराला पाण्यात उतरलो. वारा नाही. पाणी ताटात ठेवल्यासारखं. मुली चाळीस-पन्नास हात पुढे. ही चुकत होती. वल्हं फार खोल, उजवं लवकर, डावं उशिरा. मी ठेका देत होतो. मध्येच म्हणाली, "जरा गप्प बसता का हो? पाण्याचा आवाज ऐकू द्या." पाण्याचा आवाज! पाणी काय गाणं म्हणतंय?

मग एक मोटारबोट. शंभर हातांवरून गेली. तिची लाट आली, होडी वर झाली, खाली झाली, लाट गेली. त्यानंतर मी बारा वेळा ‘एक-दोन’ म्हटलं. बारा — अंदाजाने नाही. पन्नास झाले की विश्रांती असा नियम असल्याने मी आकडा मनात ठेवतो, आणि लाटेनंतर पुन्हा पहिल्यापासून धरला होता. तेराव्याला होडी डावीकडे उलटली. एका झटक्यात! ‘एक’ म्हणायला तोंड उघडलं आणि आख्खा तलाव आत.

हिरवा काळोख. वर कुठे, खाली कुठे, पत्ता नाही. जाकीट कानांच्या वर चढलेलं, डोळ्यांपुढे नुसतं केशरी कापड. पुढचं आठवतं ते असं — ही समोर होती, पाठमोरी. मी तिला धरलं. घट्ट धरून ठेवलं. सोडलं नाही. मग माझ्या हातात होडीचा दोर होता. तो कसा आला ते आठवत नाही. मग शिट्टी, परत शिट्टी, आणि शिट्टीबाईची होडी.

काठावर ही खोकत होती. चेहरा पांढराफटक. थोरली रडत होती. धाकटीने माझा दंड धरला, "बाबा, काय झालं?"

"काही नाही," म्हटलं. "आईला धरलं मी."

हिने टॉवेल खांद्यांवर ओढून घेतला.

त्याच दिवशी, सातला दहा कमी

हिचा घसा पार बसलाय. गार पाणी. सूप अर्धं घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मी म्हटलं, "शनिवारी पलीकडच्या काठावर जायचंय, लक्षात आहे ना? चौघांनी." हिने चादर डोक्यावर ओढली. पलीकडचा काठ हे धाकटीचं स्वप्न आहे. तिथे एक पांढरं घर दिसतं.

होडी का उलटली? लाट तर गेली होती. बारा ठेके पाणी सपाट होतं. मग लाटेचा परिणाम उशिरा झाला म्हणायचं? असा होतो का? कुठे वाचलेलं नाही.

बुधवार, ६ मे. दुपारचं जेवण झाल्यावर

संताप! आणि धक्काही.

खोली तळमजल्यावर आहे. दोन लोखंडी पलंग, खिडकीतून होड्यांची शेड दिसते. कपाटाचं दार लागत नव्हतं, ते मी सकाळी काड्यापेटीचा पुठ्ठा घालून बसवत होतो. ("सुट्टीतही?" — ही. घसा बसला तरी टोमणा जागेवर.) मागे वळलो, ही केस पुसत होती. टॉवेल खांद्यावरून सरकला. काळेनिळे वळ! दोन्ही खांद्यांवर!

"हे काय?"

"जाकिटाचा पट्टा लागला असेल." लगेच ओढणी घेतली. या उकाड्यात ओढणी!

"बघू दे."

"राहू द्या हो. काल पाण्यातून निघालो ते पुरे नाही का?"

पुरे कसं? माझं जाकीट कानांवर चढतं, हिच्या जाकिटाने खांदे सोलवटतात — म्हणजे मालच सदोष! तडक शेडमध्ये शिट्टीबाईकडे गेलो.

"जाकिटं तपासली कोणी?"

"मी, काका. मागच्याच आठवड्यात."

"कशाने?"

"डोळ्यांनी."

"डोळ्यांनी माणूस ओळखावा, बाई. माप नाही!"

शिट्टीबाई दोर गुंडाळत होती, ती थांबली. "काका, तुमचं जाकीट वर का चढलं?"

"तेच तर विचारतोय मी!"

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "काकू बऱ्या आहेत ना? त्या काही बोलल्या?"

"काय बोलायचंय?"

"काही नाही." परत दोर.

लेखी तक्रार करणार. पण तक्रार म्हणजे रडगाणं नव्हे. मापं हवीत.

जेवणाच्या हॉलमध्ये शेजारच्या टेबलावर एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको असतात. त्यांनी विचारलं, तेव्हा सांगावं लागलं. मास्तरांचा आवाज वर्गात मुरलेला. "एका हाताने होडी, एका हाताने बायको! ऐकलंत का सगळ्यांनी?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरली — जी वर्षभर माझ्याशी सरळ एक वाक्य बोललेली नाही — माझ्या दंडाला टेकली आणि म्हणाली, "भारी आहेस तू, बाबा." धाकटीने माझ्या तोंडून परत सगळं वदवून घेतलं, मोबाइलवर घेतलं आणि तिच्या मामाला पाठवलं.

‘एका हाताने’ हे मास्तरांचं. मी म्हणालो नव्हतो. पण दुसऱ्यांदा सांगताना तेही माझ्या तोंडून गेलं, हे इथे नोंदवून ठेवतो.

ही सगळा वेळ मिठाची डबी सरळ करत होती. ती सरळच होती.

गुरुवार, ७ मे. संध्याकाळी साडेपाच

मापं घेतली. काही जुळत नाही.

लोक पाकीट विसरतात, मी व्हर्नियर विसरत नाही. मिलिमीटरचं माप घ्यायचं हे अवजार बॅगेत असतंच. दुपारी दोन वीसला ही झोपली. ओढणी बाजूला झाली होती. व्हर्नियर गार लागून जागी होईल म्हणून आधी मुठीत धरून गरम केलं. मग श्वास रोखून मोजलं. तीस वर्षांत इतक्या हलक्या हाताने मशिनवरचा कुठलाही जॉब मोजलेला नाही.

डावा खांदा. पुढून चार वळ, पाठीकडे एक. पुढच्या वळांत मध्यापासून मध्यापर्यंत एकवीस, वीस, बावीस मिलिमीटर.

उजवा खांदा. पाठीकडे एक, पण पुढून तीनच. पहिल्या दोघांत एकवीस. दुसऱ्या-तिसऱ्यात एकदम त्रेचाळीस. मध्ये एकाची जागा मोकळी.

पट्टा अडतीस मिलिमीटर रुंद आहे. त्याचा वळ सलग उठेल, असा तुकड्यातुकड्यांनी कसा उठेल? म्हणजे पट्टा नाही. मग कड्या असाव्यात — चारांची एक रांग, आणि दुसरीकडे एक कडी तुटलेली. हे पटलं. चहा न घेता शेडमध्ये गेलो आणि सगळी जाकिटं मोजली. चौदा. आतून, बाहेरून, शिवणीसकट. धाकटी येऊन उभी राहिली. "बाबा, शिंपी झालास?" हसलो नाही.

एकाही जाकिटाला अशा कड्या नाहीत. एकालाही नाही! छातीवर एक चाप, बगलेत दोन पट्टे, बस्स. खांद्यावर नुसता मऊ स्पंज.

स्पंजाने वळ उठतात? आकडे माझे चुकलेले नाहीत, दोनदा घेतलेत. मग चूक कुठे आहे? डोकं बधिर झालंय. काहीतरी समोर आहे आणि मला दिसत नाही, असं वाटतंय.

ही जागी झाल्यावर म्हणाली, "व्हर्नियर उशाशी काय करतंय?" मी काहीतरी थाप मारली. तिने ओढणी गळ्यापर्यंत घेतली.

शुक्रवार, ८ मे. सकाळी सव्वाआठ

सापडलं.

धक्क्यावर एकटाच होतो. लाकडी फळ्या, रात्रभरात कोरड्या ठणठणीत झालेल्या. वाकून तोंड धुतलं आणि उठताना दोन्ही हात फळीवर टेकले. उठलो. खाली पाहिलं.

ओल्या हातांचे ठसे. डावीकडे चार बोटं. उजवीकडे तीन. करंगळीशेजारी रिकामी जागा.

ऊन कोवळं होतं, पण ठसा वाळायला लागला होता. व्हर्नियर खिशात. वाळायच्या आत मोजलं. मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं.

त्रेचाळीस.

तिथेच बसलो. तीस वर्षं हा हात वापरतोय, याच हाताने चहाचा कप धरतो, हीच वही लिहितो — आणि कालची संध्याकाळ मी चौदा जाकिटं उलटीपालटी करण्यात घालवली! आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. इथे हात माझा, आणि ओठ —

नाही. नीट लिहितो. मंगळवारच्या पानावर जे लिहिलं नाही ते आता लिहितो, कारण बसल्या बसल्या तेही आठवलं. बहुतेक विसरलोच नव्हतो. हाताखाली काहीतरी मऊ होतं. मी दाबलं. ते खाली गेलं, आणि मी वर आलो. हवा मिळाली. मग ते वर यायला लागलं तेव्हा परत दाबलं.

धरलं नव्हतं मी. शिडी केली होती.

शुक्रवार, दुपारी दोन

सांगितलं.

ही पलंगावर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. मी दार लावलं. उभाच राहिलो. काय बोलायचं ते मनात चार वेळा जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. उजवा हात पुढे केला, उपडा, आणि म्हटलं, "ते वळ याचे आहेत. मी तुला पाण्याखाली दाबलं."

"माहीत आहे."

इतकंच. जणू मी तिला सांगतोय की आज शुक्रवार आहे.

"किती वेळ?"

"मोजणारे तुम्ही होतात की." मग जरा थांबून, "दोनदा गेले खाली. दुसऱ्यांदा जरा जास्त."

"दोर तू दिलास हातात?"

"मग कोण देणार? तलाव?"

म्हणजे मी हिला बुडवत होतो आणि ही मला दोर शोधून देत होती! खाली बसलो. म्हटलं, "अगं, मग बोलली का नाहीस? मास्तर ओरडून सांगतायत, लोक टाळ्या पिटतायत, मी तिथे बसून — तू एक शब्द बोलली असतीस!"

घातलेली घडी तिने मोडली. परत घातली. माझ्याकडे पाहिलं नाही. "जेवायला चला. मुली वाट बघतील."

शिव्या खायची तयारी होती माझी. मारली असती तरी चाललं असतं. पण हे काय? लग्नाला तेवीस वर्षं झाली आणि हिने माझ्याकडे पाहिलं नाही असं कधी झालेलं नाही. भांडताना तर डोळ्यांत डोळे घालून भांडते. तिरस्कार म्हणतात तो असाच दिसत असावा. आवाज न करता. टॉवेलांच्या घड्या घालत.

जेवताना थोरलीने माझ्या ताटात तिची पोळी टाकली. "घे, हिरो." ती मी धाकटीच्या ताटात सरकवली.

उद्या सांगणार. जिथे टाळ्या घेतल्या तिथेच.

शनिवार, ९ मे. दुपारी तीन

सांगितलं. जसं झालं तसं उतरवतो.

नाश्त्याला सगळे होते. मास्तर कोणा नव्या कुटुंबाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणत होते, "हेच ते!" मी उभा राहिलो. म्हटलं, "मास्तर, एक दुरुस्ती आहे. मी बायकोला वाचवलेलं नाही. जाकिटाचे पट्टे मी स्वतः सैल केले होते, म्हणून जाकीट वर चढलं, म्हणून घाबरलो. मी तिच्या खांद्यांवर चढलो. दोनदा तिला पाण्याखाली घातलं. दोर तिने माझ्या हातात दिला. वाचवलं ते तिने."

मास्तर हसले. "काय राव, सकाळी सकाळी चेष्टा!"

मी उजवा हात वर केला. सगळ्यांना दिसेल असा. "तीन वळ आहेत तिच्या उजव्या खांद्यावर. मोजून घेतलेत."

कोणाचा तरी चमचा बशीत पडला. मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "बसा हो, पाणी घ्या." पाणी!

थोरलीचा चेहरा मला आयुष्यभर पुरेल. ओरडली नाही. म्हणाली, "तीन दिवस, बाबा? तीन दिवस तू आम्हाला टाळ्या वाजवू दिल्यास?" मला कालच समजलं हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण कालच समजलं हे खरं असलं, तरी पुरतं खरं नाही.

धाकटी उठली, आईच्या मागे गेली. काही न विचारता ओढणी बाजूला केली. "आई… दुखतंय का गं?"

आणि त्यावर ही ढसाढसा रडायला लागली! चार दिवसांत डोळ्याला पाणी नाही, काल माझ्यासमोर नाही, आणि आता भरल्या हॉलमध्ये. "नको गं बघू. नको. माझ्याकडे नको बघू." खुर्ची मागे ढकलली आणि बाहेर गेली.

मी तिच्या मागे निघालो. थोरली म्हणाली, "तू बस."

बसलो.

माझं वाईट वाटून रडली म्हणावं, तर ‘माझ्याकडे नको बघू’ काय? पाप माझं, तोंड ती लपवतेय. लाज वाटली असेल, अशा माणसाची बायको म्हणून. मला दुसरं काही सुचत नाही.

दुपारभर ती मुलींच्या खोलीत आहे. पलीकडच्या काठाचा विषय कोणी काढला नाही. शिट्टीबाई दाराशी येऊन विचारून गेली, "काका, दोन होड्या काढून ठेवल्यात. येताय ना?" मी नकाराची मान हलवली. ती म्हणाली, "काका, पहिल्यांदा सगळेच शिडी करतात. सांगत कोणी नाही." आणि गेली. खिडकीतून दिसतंय — दोन्ही कयाकी परत शेडमध्ये ठेवतेय.

कपाटाचं दार परत उघडलंय. पुठ्ठा पडला असेल. पडू दे.

रविवार, १० मे. सकाळी साडेसात. निघायला दीड तास

बॅगा दारात आहेत. मी धक्क्यावर होतो. ही आली, चपला काढल्या, शेजारी बसून पाय पाण्यात सोडले.

"लाटेने नाही उलटली होडी," म्हणाली. "मी सगळं अंग डावीकडे टाकलं. मुद्दाम."

मी तिच्याकडे वळलो.

"भिजाल, क्षणभर गप्प व्हाल, एवढंच वाटलं होतं हो. घरात एक-दोन, वर्कशॉपात एक-दोन, सुट्टीतही एक-दोन. बुडाल असं वाटलं नव्हतं. मग तुम्ही खांदे धरलेत. सुटता आलं असतं मला. सुटले असते तर तुम्ही गेला असता. म्हणून धरू दिलं. कुठल्या तोंडाने बोलणार होते मी?"

पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले.

काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडून निघालं ते हे — "लाट गेल्यावर लगेच?"

"नाही. बारा वेळा ऐकून घेतलं. मग नाही राहवलं."

"तूही मोजत होतीस?"

"तुमच्याजवळ राहून दुसरं काय शिकणार!"

बारा. मंगळवारच्या पानावर आहे. मोजणी माझी चुकली नव्हती.